नववी पायरी

सायरा : आंबाटेक वस्ती टँकरच्या यादीतून गेली, अन् यादी माह्या नावावर हाय म्हणून ‘कारणे दाखवा’ नोटीस मले! पाच वाजेपर्यंत खुलासा द्या म्हणते. चार दिवस वस्तीत थेंब नाही, अन् साहेब कूलरसमोर बसून माह्या नावाच्या नोटिशीवर सही ठोकते.

निवृत्ती : हळू बोल, सायरा. केबिनचं दार पातळ हाय.

सायरा : ऐकू जाऊ द्या. दारच पातळ हाय, कातडी तर जाडच हाय.

निवृत्ती : अन् हा पेनड्राइव्ह काऊन लावला?

सायरा : बिल्ड टूल हाय. आपल्या ऑफिसचं नेट रडते, म्हणून खामगावहून भावाच्या दुकानातून उतरवून आणलं. गावांची यादी बदलली की तुम्ही टँकरचं सॉफ्टवेअर हातानं बांधता ना? फायली गोळा करा, यादी टाका, जोडा, तपासा, सर्व्हरवर चढवा. सतरा पायऱ्या. आता एक कमांड द्यायची, बाकी सारं हे करते.

निवृत्ती : अकरा वर्षं मी हातानं करून राह्यलो. पायरी चुकली नाही कधी.

सायरा : मंग वस्ती कुठं गेली, काका?

निवृत्ती : ...टाक तुह्यं टूल.

सायरा : आधी जावा टाकला, त्याच्यावरच हे चालते. आता टूल. ते कोणत्या फोल्डरात हाय, ते मशीनले सांगतो... हं, आवृत्तीचा नंबर दाखवला. बसलं! पाहा, पाच मिनिटाचं काम. तीन महिने मागून राह्यली होती मी. साहेब म्हणे, बजेट नाही. अहो, फुकट भेटते हे! वही द्या आता तुमची. पायऱ्या याच्या फाइलीत लिहाव्या लागतात.

निवृत्ती : वही घरी राह्यली.

सायरा : पिशवीतून निळा पुठ्ठा दिसून राह्यला, काका.

तानुबाई : चहा घ्या मॅडम. भाऊ, तुमचा बिनसाखरेचा.

सायरा : तानुबाई, आलं का पाणी तुमच्या आंबाटेकात?

तानुबाई : आज आलं, पाचव्या दिवशी. सून विहिरीवर जात होती, डोंगर उतरून. सहावा महिना हाय तिले. काल पडली घागर घेऊन. डॉक्टर म्हणते, पोटातलं लेकरू बरं हाय. टँकरवाल्याले विचारलं, तर म्हणे यादीत तुमची वस्तीच नाही. म्या म्हणलं, वस्ती नसन बापा यादीत, माणसं तर हायेत ना?

निवृत्ती : चहा गार होऊन राह्यला.

तानुबाई : अन् हे नवीन काय हो, मॅडम?

सायरा : यादी चढवायचं काम आपोआप करते.

तानुबाई : टँकरवाला बी आपोआप नाही जात. खेप टाकली की वहीवर दोन बायांच्या सह्या घेते, तवा गाडी हालते. याले कोणाची सही लागते?

सायरा : लागते ना. नववी पायरी तीच. जुनी यादी नव्या यादीशी लावून पाहायची. एखादं गाव गळालं असन तर तिथंच थांबायचं. काका, वही.

निवृत्ती : घे.

सायरा : सहा... सात... आठ... दहा? नववी लाल शाईनं खोडली! कोणी?

निवृत्ती : हात माहा हाय.

सायरा : अन् हुकूम?

निवृत्ती : सोमवारी सकाळी साहेबाचा फोन आला. जळगाव जामोदले मोठ्या लोकांचा दौरा होता, पडद्यावर नवी यादी दिसली पाहिजे. डोळ्यानं तपासाले मले चाळीस मिनिटं लागतात. म्हणे, खोडा ते, जबाबदारी माही. बाजूले तारीख-वेळ टाकली म्या, सवय हाय. रिटायरले दोन वर्षं राह्यले, पोरी. म्हणून गप होतो.

तानुबाई : चारही दिवस, भाऊ? रोज तुमच्या टेबलावर पाण्याचा गिलास मीच भरून ठेवत होते.

(निवृत्ती गिलास बाजूला सारतो.)

सायरा : नववी पायरी लिहिली. आता सोमवारचीच यादी देऊन चालवून पाहू... थांबलं. लाल अक्षरात पाहा: ‘एक वस्ती कमी : आंबाटेक.’ पुढं जायाले तयारच नाही.

निवृत्ती : किती वेळ लागला?

सायरा : अकरा सेकंद.

निवृत्ती : अकरा सेकंद.

सायरा : आता कोणी नववी पायरी खोडली, तर फाइलीत त्याचं नाव उमटते. अन् ते फोनवर नाही खोडता येत.

निवृत्ती : खुलासा लिहायले घे. वहीचं हे पान जोड. खाली माही सही.

सायरा : काका, दोन वर्षं राह्यले म्हणता...

निवृत्ती : लिही म्हणलं ना!

तानुबाई : दोन सह्या लागतात. दुसरी माही घ्या. पुरी सही येते मले, अंगठा नाही.

सायरा : लिहिलं. वाचतो, ऐका. ‘तपासणीची पायरी तोंडी आदेशावरून वगळण्यात आली. वहीचे पान सोबत. सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोनवर कोण बोलत होते?’ झालं?

निवृत्ती : नाही. नोटिशीची शेवटची ओळ जशीच्या तशी उतरव, आता साहेबासाठी.

सायरा : ‘लेखी उत्तर आज पाच वाजेपर्यंत द्यावे.’