यशवंतराव कोणत्या बोटीतून पडले

जबाब. बुधवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मी भीमराज तुकाराम ओव्हाळ, वय ७१ वर्षे, शिक्षण सातवी नापास, धंदा फायबरचे काम, राहणार पिंपरी. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मी कालच यायला हवे होते. उशीर झाला त्याबद्दल आधी माफी मागतो. ही माफी जबाबात घेण्याची गरज नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या मिनल मॅडम म्हणाल्या, परंतु मी पुन्हा सांगितल्याने घेतली आहे.

मी वरील ठिकाणी पत्नी कस्तुरा हिच्यासह राहतो. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून चाकण येथील एका शेडमध्ये फायबरच्या बोटी ओततो. माझ्यासोबत सरदार अजिम मुजावर, वय ६८ वर्षे, हा इंजिनाचे काम पाहतो. आमची ओळख सदतीस वर्षांची आहे. आमच्यात वैर नाही. बोटीवरून वाद मात्र आहे.

पूर आला की नदीकाठच्या वस्तीतून माणसे काढावी लागतात. त्यासाठी एक बोट आमच्या शेठला बनवायची आहे. साचा एकच निघणार. मी व्ही तळाची बोट ओतली. सरदारने कॅटामरान, म्हणजे खाली दोन पोटे आणि मध्ये हवेला वाट असलेली बोट, माझ्याकडूनच ओतून घेतली. शेठ म्हणाले, "दोघे भांडू नका. खवळलेल्या पाण्यात पळवून बघा आणि मला सांगा."

खवळलेले पाणी आमच्याकडे मिळत नाही. धरणावर मे महिन्यात दुपारी तीननंतर वारा सुटतो आणि गुडघाभर लाटा उठतात, म्हणून मंगळवारी तेथे गेलो. परवानगी घेतली नाही. तो विषय माझ्या लक्षात होता, पण मी बोललो नाही.

माणसे बसवून चाचणी करणे धोक्याचे असल्याने आम्ही वाळूच्या गोण्या बसवतो. एका बोटीत चार. माणूस बसला की त्याचे वजन वर असते, म्हणून मोठ्या गोणीवर छोटी गोणी शिवतो. उघड्या गोणीने फायबरचे पॉलिश जाते, म्हणून तिला जुना युनिफॉर्म आणि टोपी घालतो. ज्याचा युनिफॉर्म त्याच्या नावाने गोणी ओळखतो. मारुतराव, शालनबाई अशा गोण्या आहेत. शालनबाई कॅन्टीनला होत्या, त्यांची गोणी वजनाला हलकी ठेवली आहे. यशवंतराव हे आमचे सुपरवायझर होते. निवृत्त होताना त्यांनी युनिफॉर्म मला दिला. टोपीच्या आत त्यांचे नाव आणि टोकन नंबर शाईने लिहिलेला आहे. ती टोपी काल पाण्यावर सापडली, तीच ही. मी ओळखली.

कोणी आपल्या बोटीची बाजू घेऊ नये म्हणून माझी बोट सरदारने चालवावी आणि सरदारची मी, असे ठरले होते. गोण्या दोरीने बाकाला बांधायच्या, हेही ठरले होते. निघताना सरदारने विचारले, "भीमराव, बांधलं का रे सगळ्यांना?" मी म्हणालो, "बांधलं." सरदारच्या बोटीतल्या गोण्या मी बांधल्या होत्या. माझ्या बोटीतल्या बांधल्या नव्हत्या. मी एवढी वर्षे सांगत आलो की माझी बोट माणूस टाकत नाही. मग तिच्यात माणूस बांधायचा कसा? दोरी खिशात होती. ती आज हजर करत आहे.

सरदारने बोट वेडीवाकडी पळवली, असे काठावरच्या लोकांनी सांगितल्याचे मला समजले. ते खरे नाही. तो ठरल्याप्रमाणे प्रथम लाटांना तोंड देऊन गेला. बोट लोण्यात सुरी जावी तशी गेली. मी त्याच वेळी कॅटामरानमध्ये होतो. समोरची लाट दोन पोटांच्या मध्ये शिरून छताला अशी थापा मारत होती की माझी खालची कवळी हातात आली. नंतर दोघे लाटांना आडवे वळलो. कॅटामरान टेबलासारखी सपाट राहिली. माझी बोट एका अंगावर झुकली, सावरली, परत झुकली आणि यशवंतराव गेले. सरदार ओरडला, "अरे यशवंतराव पडले! भीमराव, यशवंतराव गेले!" काठावर म्हशी धुणाऱ्या लोकांनी हे ऐकले आणि पोलिसांना फोन केला. त्यांची चूक नाही.

जीप आली तेव्हा मी पलीकडच्या काठाला लागलो होतो. परवानगीचे आठवले. बोट तेथेच सोडून मी पंपाच्या खोलीमागे बसलो. सरदार सगळ्यांना सांगत होता, "साहेब, वाळू आहे हो ती, माणूस नाही!" कोणाचा विश्वास बसला नाही. वाळूला टोपी कशाला घालतील, असे ते म्हणत होते. पोलिसांनी यशवंतरावांच्या घरी फोन लावला, तो कोणी उचलला नाही, असे मला येथे आल्यावर समजले. सरदारने माझे नाव घेतले नाही.

मी तेव्हाच घरी जायला हवे होते किंवा पुढे यायला हवे होते. दोन्ही केले नाही. कारण गावातल्या चार माणसांनी शोधासाठी कॅटामरान घेतली आणि सरदारला इंजिनवर बसवले. चौघेही गळ घेऊन एकाच बाजूला वाकले. बोट चार बोटेसुद्धा कलली नाही. दीड तास मी तेच पाहत होतो. माझी बोट असती, तर ते चौघे यशवंतरावांच्या मागोमाग गेले असते.

संध्याकाळी पोलिसांनी सरदारला जीपमधून ठाण्यात नेले, तेव्हा मी सहा आसनी रिक्षाने घरी गेलो. जेवलो नाही. आज सकाळी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "अहो, सरदारभाऊ तिकडे बसलेत आणि तुम्ही इथे चहात बिस्कीट बुडवताय? उठा आधी." त्यावरून आलो.

मला विचारण्यात आले की, मग चांगली बोट कोणती. सांगतो की, लाट समोरून येत असेल आणि लांब जायचे असेल, तर व्ही तळाची. पण पुरात माणूस बाजूनेच ओढून घ्यावा लागतो आणि घाबरलेली माणसे एकाच बाजूला धावतात. त्या कामाला सरदारची बोट चांगली आहे. हे मी आजवर कोणासमोर बोललेलो नाही. शेठला सांगणार आहे. दोरी न बांधण्याची चूक माझी एकट्याची असून सरदारचा दोष नाही.

जबाब चालू असताना ठाण्यात फोन आला. यशवंतराव साहेब मुलीकडे परभणीला असून सुखरूप आहेत. मॅडमनी फोन माझ्या हाती दिला. साहेब म्हणाले, "ओव्हाळ, माझा युनिफॉर्म तू वाळूला घातलास?" आवाज मी ओळखला. कंपनीत असाच होता.

हा जबाब मॅडमनी मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून दार उघडे ठेवून आणि मोठ्याने वाचला, कारण सरदार बाहेरच्या बाकावर होता. त्याने बाहेरून सांगितले, "मॅडम, समोरच्या लाटेला त्याचीच बोट, हे दोनदा लिहा. एकदा लिहून त्याला झोप नाही यायची." दोनदा लिहिलेले नाही. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरे आहे.

आम्हा दोघांना सोबतच घरी जाऊ द्यावे. तसेच साहेबांना युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून परत हवा आहे. तरी गोणी सापडताच, रात्री-अपरात्री का होईना, मला लवकर कळवावे ही कळकळीची विनंती.

सही
भीमराज तुकाराम ओव्हाळ