आबांचं शास्त्र कुठं उघडायचं

आमी मूळचे चारठाण्याकडले. बाप माझा सडकेची खडी फोडायचा, माय दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. माझं जन्माचं नाव ठकू. मी चांगली चालती-बोलती झाले तवा बापानं बाप्तिस्मा घेतला, समद्या घरानंच घेतला, आन पाळकसाहेबांनी माझं नाव मार्था ठेवलं. आज्जी माझी मरेस्तोवर मला ठकूच म्हनायची, म्हनायची देवाला दोनी नावं ठाव असतील, त्येला काय कमी अक्कल हाय का. तर अशी मी ठकूची मार्था झालेली. लगीन होऊन मानवतच्या अलीकडच्या ख्रिस्ती वस्तीवर आले तवा निजामाचं राज व्हतं, त्येचाच हाली पैसा चालायचा, कचेरीतले कागद समदे उर्दूत, आन आमाला काय त्येचं, आमाला उर्दूबी येत नव्हती आन मराठीबी वाचता येत नव्हती. मला अक्षर न्हाई ताई, आजबी न्हाई. जे हाय ते कानानं ऐकलेलं हाय, पन ऐकलेलं मी इसरत न्हाई, हे लिहून घ्या आधी.

सासरा माझा उपदेशक व्हता. म्हंजे मिशनकडून वस्त्या-वस्त्यांवर जायाचं, शास्त्र वाचून दाखवायचं, प्रार्थना घ्यायची, पाळकसाहेब लांब असले तर लगीन लावायचं, कुनी मेलं तर माती द्यायची. आमी त्येंला आबा म्हनायचो. पांढरं धोतर, काळा कोट, बगलेत शास्त्र, उन्हातान्हात पायी. मानूस वाईट नव्हता, हेच तर माझं दुखनं हाय बगा. वाईट असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

सासू मी यायच्या आधीच गेलेली. घरात आबा, माझा नवरा याकोब, आन धाकटी ननंद रूथ. याकोब मानवतच्या जिनिंगात कामाला, कापसाच्या गासड्या उचलायचा, आन तोंड असं चालायचं की गासड्या हलक्या व्हायच्या म्हनायचे लोक. मी नवऱ्याला अरेतुरे करायलेय, तुमाला कसंतरी वाटंल. पार म्हातारपनापतुर मी अहो-जाहोच केलं. आता करत न्हाई. का ते सांगते.

आमच्या घरात रीत व्हती, भाकरीला हात लावायच्या आधी हरेकानं शास्त्रातलं एक वचन म्हनायचं. वचन न्हाई तर भाकर न्हाई. मला वाचता येईना तर आबा मला वचन शिकवायचे, आन काय सांगू तुमाला, इतकं मोठं शास्त्र, त्यात राजे हायत, लढाया हायत, मासे हायत, आन माझ्या वाट्याला नेमकं बायकोनं नवऱ्याचं ऐकावं एवढंच यायचं. रूथ मातर चलाख. ती रोज तेच म्हनायची, दोन शब्दांचं, प्रभू रडल्याचं, शास्त्रात त्याच्याहून बारकं वचन न्हाई. म्हनायची आन लगेच भाकर मोडायची. आबा डोळे वटारायचे, तर ती म्हनायची आबा, प्रभू रडला ते म्यां रोज आठवन ठेवते, तुमी तर कवाच म्हनत न्हाई. मग याकोब शास्त्राच्या चालीवर सुरू करायचा, आन त्या दिवसांत असं झालं की मार्थानं वरनात मीठ घातलं न्हाई, आन तिच्या धन्यानं ते गोड मानून खाल्लं, आन घरात शांती नांदली. आमी हसून हसून लोळायचो. आबाबी तोंड फिरवून हसायचे, मिशा हलायच्या त्येंच्या. खोटं कामून बोलू, घर हसतं व्हतं आमचं. म्हनून तर इतका राग येतो.

आता दुसरी रीत ऐका, सगळं तिच्यातनंच झालंय. घरात काई ठरवायचं असलं की आबा प्रार्थना करायचे, डोळे मिटायचे, शास्त्र उघडायचे आन बोट ठेवायचे. जिथं बोट पडंल ते देवाचं उत्तर. पर झालं व्हतं काय, या पंचक्रोशीतली समदी लग्नं त्याच एका शास्त्रातनं लागलेली, वर्सानुवर्सं, मांडवात वाऱ्यानं पान उडू नये म्हनून वर दगड ठेवून. तर त्या शास्त्राची शिवन तिथंच मोडलेली. कुठनंबी उघडा, ते आपलं धपकन त्याच पानावर पडायचं, काना गावच्या लग्नाच्या गोष्टीवर, जिथं प्रभूनं पान्याचा द्राक्षारस केला त्या. ही गोष्ट घरात समद्यांला ठाव व्हती. याकोब तर म्हनायचा आमच्या आबांचं शास्त्र लय लग्नाळू हाय. एकदा म्हैस घ्यायची का न्हाई म्हनून आबांनी उघडलं, तर निघालं लगीन. याकोब म्हन्ला आबा, म्हशीला हळद लावायची का आता. त्या दिवशी आबासुदीक हसले, आन म्हन्ले हे काई उत्तर न्हाई, आन दुसऱ्यांदा उघडलं. ध्यानात ठेवा ताई. म्हशीसाठी त्येंनी दुसऱ्यांदा उघडलं.

माझ्या पयल्या बाळंतपनात मिशनच्या दवाखान्यातली गोरी मिसबाई वस्तीवर आलती. मी लय अडले व्हते. रूथ तेव्हा पोरगीच, पर तिनं पानी तापवलं, फडके उकळले, मिसबाई सांगंल ते न घाबरता केलं, आन मला हसवत ऱ्हायली, म्हनायची वैनी, एवढं वरडायलीस, पोरगं बाहेर यायच्या आधीच बहिरं व्हईल. मिसबाईनं ते बगितलं. पुढं दोन-तीनदा आली आन आबांला म्हन्ली ही पोरगी मला द्या, दवाखान्यात नर्सचं शिकवते, आगीनगाडीनं मी स्वता नेते. रूथचे पाय भुईवर ठरंनात. मला म्हनायची वैनी, पांढरी टोपी घालून येते का न्हाई बग, आन तुझ्या नवऱ्याला पयली सुई मीच टोचते. आबा हो बी म्हन्ले न्हाईत, न्हाई बी म्हन्ले न्हाईत. प्रभूला इचारतो म्हन्ले.

तेवढ्यात ते वर्स आलं. रझाकाराची धामधूम, गावंच्या गावं रातोरात उठून निजामाच्या मोगलाईबाहेर चाललेली, उद्याचं कोनालाच ठाव न्हाई. तरनी पोरगी घरात, आबांच्या जिवाला घोर लागला, ते मी समजू शकते. मी बी मायच हाय. पर त्याच टायमाला गंगाखेडाकडनं एक उपदेशक स्वताचीच सोयरीक घेऊन आला, बायको मेलेला, पदरात लेकरं, वय म्हनाल तर आबांच्या जवळ जवळ. दारूचा थेंब न्हाई, मारहान न्हाई, मिशनचं घर, समदे म्हनाय लागले चांगलं स्थळ हाय. रूथनं त्येला बगितलं आन मला येऊन म्हन्ली वैनी, ह्यो मानूस जन्मात कवा हसलाय का ग.

ऐतवारची उपासना झाली, मंडळी घरला गेली, त्यो पाव्हना आमच्यातच बसलेला. आबांनी प्रार्थना केली, लांबलचक. मग डोळे मिटून शास्त्र उघडलं. मी चुलीपाशी व्हते, मला तिथनंबी ऐकू आलं, धपकन. आबांनी बोट ठेवलं, डोळे उघडले, वाचलं. काना गावचं लगीन. आन त्येंच्या डोळ्याला पानी आलं ताई, खरं पानी, की देव बोलला म्हनून.

रूथ याकोबाकडं बगायला लागली. मी बी त्याच्याकडंच बगायलेय. मला वाटलं आता बोलंल, आता कायतरी काढंल, म्हशीचं काढंल, आबा हसतील, दुसऱ्यांदा उघडतील. त्यो खाली बगून सतरंजीचा दोरा वढत बसला. मग मीच उठले. राखंचे हात तसेच. म्हन्लं आबा, ते पान आपुआप उघडतं, शिवन मोडलीय तिथं, म्हशीच्या टायमालाबी तेच निघालं व्हतं. तुमी दुसऱ्यांदा उघडा.

आबा म्हन्ले बाईनं मंडळीत बोलू नये असं शास्त्रात हाय. मी म्हन्लं ही मंडळी न्हाई, ही माझी चूल हाय.

पाव्हना खाकरला. आन मग आबांनी जे केलं ते कोनी सांगत न्हाई, मी सांगते. ते याकोबाकडं वळले आन म्हन्ले याकोब, तू सांग, मार्था म्हनती ते खरं हाय का. इचारलं त्येंनी. दार उघडलं व्हतं म्हाताऱ्यानं, सपशेल उघडलं व्हतं, नुसतं हो म्हनायचं व्हतं. आन माझा नवरा, ज्येनं त्या मोडक्या शिवनीवर अख्ख्या वस्तीला हसवलं व्हतं, त्यो म्हन्ला आबा, तुमाला बरं वाटंल तसं करा.

झालं. महिन्याच्या आत लगीन लागलं, त्याच शास्त्रातनं, त्याच पानावरनं, आन मांडवात ह्यो पुन्ना लोकांला हसवत फिरायला, जेवनाच्या पंगतीत चालीवर म्हनायला. मी त्येला वाढलं न्हाई. पुढं थोड्याच दिवसात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज गेलं, मानवतात झेंडे लागले, लोकांनी गूळ वाटला. ज्या भेवानं पोरगी उरकली ते भेवच निघून गेलं. मिसबाई आली तवा रूथ गंगाखेडाकडं दुसऱ्याच्या लेकरांचे कपडे धुवायलेली. मिसबाई च्या पन पिली न्हाई, निघून गेली.

नाताळाला रूथ माहेरी आली, नवरा संगं. अंगावर चांगलं लुगडं, गळ्यात मनी, लोक म्हनले बगा कशी सुखात हाय. जेवायला बसलो, तिची पाळी आली, तिनं लांबचं लांब वचन म्हनलं, एक अक्षर न चुकता, मान खाली घालून. मग याकोबानं कायतरी इनोद केला. आन माझ्या डोळ्यानं बगितलंय मी, रूथचं तोंड हसायला उघडलं, आन तिनं आधी नवऱ्याकडं बगितलं. त्यो भाकर चावत व्हता. तिनं तोंड मिटलं. त्येनं कवा तिला हात लावला न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई, उलटून बोलला न्हाई, मंग तक्रार कशाची करायची, कोनाला करायची. त्या दिवशी मी आबांच्या ताटात भाकर टाकली ती आदळलीच. आबांनी ती उचलून खाल्ली. दोन सालांनी गेले. जायच्या आधी रूथला बोलवून घेतलं आन तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते रडले.

याकोब लय जगला. नातवंडांला हसवलं, पतवंडांला हसवलं. म्हातारपनी एकदा लिंबाखाली बसलो व्हतो, मी म्हन्लं आता तरी सांगा, त्या दिवशी आबांनी इचारलं तवा तुमच्या तोंडाला काय झालं व्हतं. पडलेल्या लिंबोळ्या गोळा करत बसला. मग म्हन्ला मार्था, मला हसत हसत कायबी बोलता येतं ग, देवाला सुदीक बोलता येतं. हसन्यावारी न्हेता येईना तर मला बोलताच येत न्हाई. आबांनी खरंखुरं इचारलं, आन मला भ्याव वाटलं.

भ्याव वाटलं म्हनं. पोरीचा जलम गेला आन ह्येला भ्याव वाटलं. त्या दिवसापासनं मी त्येला अहो म्हनलं न्हाई. त्येच्या मातीला आख्खी मंडळी आली, जो उठला त्यो त्येचा एक इनोद सांगायला, रडता रडता हसायले समदे. मी बसून ऱ्हायले.

आता रूथ माझ्यापाशीच असते. नवरा गेला, त्येची लेकरं तिनं वाढवली ती लांब गेली, तिची एक लेक हाय परभनीला. आत पडलीय बगा, दुपारी डोळा लागतो तिचा, हळू बोला. पाळकसाहेब येतात, नवीन हायत, चांगले हायत, मला म्हनतात मार्थाबाई, मेलेल्या मानसाला माफ करा, शास्त्रात माफीचं किती लिवलंय. मी म्हन्लं मला वाचता येत न्हाई. आबांला मी कवाच माफ केलं, त्येंनी इचारलं तरी व्हतं. रूथनं तर दोघांलाबी केलंय, ती रोज प्रार्थनेत दादाचं नाव घेती, कुनावर राग ठेवला न्हाई तिनं, तसलं तिचं काळीजच न्हाई. मंग तुमीच सांगा ताई, तिच्या बाजूनं कोनीतरी रागावलेलं नको का. म्हनून मी रागावून हाय. प्रभू तुमचं भलं करो, आन त्येलाच म्हनावं, मी मरंस्तोवर याकोबाला माफी मागायला माझ्या सपनातबी धाडू नको.