डबल की दोन सिंगल

रजयांच्या दुकानात माझा क्रमांक दुसरा होता आणि पहिल्या क्रमांकाचे वयस्क जोडपे काउंटर सोडायला तयार नव्हते. मला ताटकळत ठेवलेले मुळीच खपत नाही. तरीही मी रांग सोडली नाही. दुकानदार चौथ्यांदा विचारीत होता.

"आजोबा, डबल देऊ की दोन सिंगल?"

"दोन सिंगल. रोज सकाळी हिने माझ्या नावाने खडे फोडायला नकोत."

"फोडणारच! अख्खी रजई तुमच्या अंगावर, आणि मी आपली शालीत कुडकुडतेय. भाऊ, डबलच द्या. दोन ठेवायला कपाटात जागा कुठंय?"

"अगं, मी झोपेत रजई ओढत नाही."

"मग काय ती पायांनी चालत येते तुमच्याकडे?"

"परवा मी जागा होतो. तू उठलीस, तुझ्याकडची बाजू माझ्या गुडघ्यांवर घातलीस, कडेने नीट खोचलीस, आणि शाल ओढून झोपलीस."

"जागे होतात? मग तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

"बोललो असतो, तर 'मी नव्हेच' म्हणाली असतीस."

"गुडघे आखडले की दिवसभर कण्हता. ते कोण ऐकणार?"

"म्हणूनच म्हणतो, दोन घेऊ. तुझी तुला."

"घ्या की! दुसरीही तुमच्याच गुडघ्यांवर जाईल."

"आजी, आजोबा, मागे रांग लागलीय. काय बांधू?"

"बाबा रे, तीन सिंगल बांध. दोन माझ्यावर टाकू दे हिला. एक तरी हिच्या अंगावर राहील."