पाच चपला

शेलूबाजारच्या दवाखान्यात बाकावर आपल्या नंबरची वाट पाहणाऱ्या योगिनीसह तीन माणसं होती आणि खाली पाच चपला. तिने पुन्हा मोजल्या. तिच्या शेजारी बसलेला इंद्रभान बायकोवर, विजयमालावर, कुरकुरत होता.

"फवारणीचं विष उतरून तीन आठवडे झाले. आता कायले आणलं मले?"

"पायाले मुंग्या येतात ना?"

"बसून बसून येतात व."

"मंग काल ओट्यावरून कायले पडले?"

"ओटाच वाकडा हाय."

"डावी चप्पल कुठं हाय तुमची?"

"पायात."

"खाली पाहा."

त्याने वाकून पाहिलं. डावा पाय अनवाणी होता.

"जीपमधून उतरलो तवा होती?"

"होती. मीच घातली."

"विजू, मुंग्या उजव्यातबी हायेत."

योगिनी बाहेर गेली. चप्पल रस्त्यापलीकडे, जीपच्या थांब्यावर होती. मधल्या वीस फुटांत नुसती टोकदार खडी पसरलेली होती.