यांची काही चूक नव्हती

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष डॉक्टरबाई, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, सूत्रसंचालन करणारे आपले एक्स-रेवाले भाऊजी आणि दुपारचं काम बाजूला ठेवून जमलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

बावीस वर्षं रक्ताच्या नळ्यांची पेटी मोटरसायकलला बांधून या तपासणी केंद्रात आणणाऱ्या माणसाची मी बायको. यांना चारचौघांत बोलायचा संकोच, म्हणून "दोन शब्द तूच बोल" म्हणाले. कागदही यांनीच लिहून दिला. त्यात आभार आहेत, ते मी मानणारच आहे. फुलं सुरेख आहेत, घड्याळही छान आहे. पण मघाशी भाऊजी म्हणाले, "यांच्या तोंडून कधी उणा शब्द आला नाही," आणि टाळ्या पडल्या, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अहो, याच गुणाने आमचा घात केला! हा माणूस दाराची ठेच लागली तर दाराला सॉरी म्हणतो. लग्नाच्या दिवशी माझा पाय यांच्या पायावर पडला, तरी माफी यांनीच मागितली. तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं!

आठ महिन्यांपूर्वी, या खिडकीतून दिसतो त्या चौकात, हे लाल दिव्याला थांबले होते. थांबले होते, बरं का. मागून मोटार आली आणि धडकली. मोटरसायकलचा चुराडा, उजव्या गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे. आणि रस्त्यावर पडल्या पडल्या हे त्या मोटारवाल्याला काय म्हणाले? "माफ करा हं, माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला." त्या भल्या माणसाने ते फोनवर टिपून घेतलं.

मग त्याच्या विमा कंपनीचं पत्र आलं. 'दुचाकीस्वाराने जागेवरच चूक कबूल केली आहे, सबब निम्मी जबाबदारी त्याची.' निम्मी! उभ्या माणसाची निम्मी चूक कोणती हो? उभा राहिला, ही? आमच्या स्वतःच्या विम्याचा हप्ता यांनी बावीस वर्षांत एकदाही चुकवला नाही, आणि बेजबाबदार कोण, तर हे! कंपनीच्या साहेबाला जाऊन विचारलं, तर म्हणतो, "बाई, ते थांबलेले होते हे कोणी पाहिलंय?"

पाहिलंय. भाऊजी, खाली बघू नका. फाटकापाशी चहाचा कप घेऊन तुम्ही उभे होतात. तुम्हीच धावलात, यांना उचललंत, ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही. गुडघ्याचा एक्स-रेही तुम्हीच काढलात. हाड कुठे मोडलं ते दाखवलंत. कसं मोडलं ते सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र "वहिनी, मला त्या भानगडीत ओढू नका." आणि डॉक्टरबाई, तुम्ही मोठ्या आहात, पण "मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा" हा सल्ला तुमचा. मोकळं कसं व्हायचं? यांचा गुडघा वाकत नाही, म्हणून तर आजचा हा निरोप. नाहीतर नोकरीची अजून नऊ वर्षं होती. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकललीय.

निम्म्या भरपाईवर आमचं समाधान आहे, असा कंपनीचा कागद या पर्समध्ये आहे. हे आज घरी जाऊन त्यावर सही करणार होते, म्हणून मी तो उचलून आणला. सही झाली की दावा संपला. सोमवारी अकरा वाजता कोर्टात त्या दाव्याची सुनावणी आहे. तिथे एक माणूस खरं बोलला, तर पुरी भरपाई मिळू शकते.

अहो, बसा. उठू नका. माझ्या वतीने माफी मागायला उठताय, ओळखते मी तुम्हाला.

तर फुलांबद्दल, घड्याळाबद्दल आणि इतक्या वर्षांच्या मायेबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर यांच्या अक्षरात शेवटची ओळ आहे, 'बोलताना काही चुकलं असेल तर उदार मनाने क्षमा करावी.' ती यांची आहे, माझी नाही. आमचं काही चुकलेलं नाही. भाऊजी, सोमवारी अकरा वाजता. येणार की नाही, ते इथेच सगळ्यांसमोर सांगा. हा घ्या माईक.