फवारल्यानंतर पेरलेलं बी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रशासक साहेब, मुख्य डॉक्टर मॅडम, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले माळीमामा, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, आणि आपल्या रुग्णालयातल्या सगळ्या भावाबहिणींनो,

मी बागेची कोठी सांभाळते. खतं, औषधं, अवजारं माझ्या ताब्यात असतात. भाषणाची मला सवय नाही. आमचे हे असते तर तेच बोलले असते. पंपघरात सतरा वर्षं मशीनच्या वरताण बोलायची सवय, त्यांना माईकसुद्धा लागला नसता. त्यांना जाऊन अडीच वर्षं होत आली. म्हणून मी उभी आहे.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. 'हिरवळीचे शिल्पकार.' शब्द छान आहेत. मग मला सांगा, या शिल्पकाराला गेली दोन वर्षं हिरवळीवर जायला मनाई का होती? मागच्या आवारात कुंड्या रंगवायला त्यांना कोणी बसवलं? मानपत्रात ते कसं नाही? कागद पुरला नाही का?

नव्या मंडळींसाठी सांगते. तण उगवलं की उपटायचं, ही बहुतेकांची रीत. मामा ते उगवायच्या आधीच औषध मारायचे. हे औषध मातीच्या वरच्या थरात बसतं आणि बी फुटलं की कोंब तिथेच थांबतो. उगवून आलेल्याला ते काही करत नाही, म्हणून वेळ साधावी लागते. मामा रोज सकाळी मातीत बोट खुपसून ती किती तापली ते बघायचे आणि एक दिवस कोठीच्या दारात येऊन म्हणायचे, "काढ गं कॅन. आज." फवारताना ते मागे मागे चालायचे, फवारलेल्या जागेवर आपलाच पाय पडू नये म्हणून. वरच्या वॉर्डातून पेशंट ओरडायचे, "मामा, मागे बघा, कुंपणात जाल!" मामा खालून म्हणायचे, "कुंपण तुम्ही बघा, तुम्हाला तेवढंच काम आहे!" मग हलकं पाणी. आणि त्यानंतर त्या जागी खुरपं नाही, दाताळं नाही. थर मोडतो.

दोन वर्षांपूर्वी बांधकामाच्या गाड्यांनी फाटकाजवळचा पट्टा उघडा पडला होता. मामांनी सगळीकडे फवारणी केली, त्या पट्ट्यावरसुद्धा. पट्ट्यावर पुढच्या मोसमात गवत लावायचं त्यांनी ठरवलं होतं. नऊ दिवसांनी प्रशासक साहेब आले. साहेब, तुम्ही इथेच आहात, चुकलं तर टोका. तुम्ही म्हणालात, "पाहुणे येणार आहेत. गवताचं बी टाका, महिन्यात हिरवं दिसलं पाहिजे." मामा म्हणाले, "साहेब, औषध मारलंय. बी उगवणार नाही." तुम्ही म्हणालात, "औषध तणाचं आहे ना? मग गवताला काय होतंय?" मामा म्हणाले, "त्याला तणाचं बी आणि गवताचं बी सारखंच. ते वेगळं ओळखत नाही." त्यावर तुम्ही काय म्हणालात? "मामा, मला शिकवू नका."

बी टाकलं. वर दाताळंही फिरवायला लावलं. मामांनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा खाली मान घालून फिरवलं. पाहुणे आले तेव्हा पट्ट्यावर गवताची एक काडी नव्हती. दाताळ्याच्या रेघांत मात्र तण आलं होतं, रांगेत लावल्यासारखं. आणि नोटीस कोणाला? मामांना. 'कामात निष्काळजीपणा.' जो माणूस स्वतःच्या पावलाला भिऊन उलटा चालतो, त्याला निष्काळजी म्हणायचं? हे लिहिताना कोणाचा हात अडखळला नाही?

आता माझं सांगते, कारण दुसऱ्यांवर ओरडून मी सुटत नाही.

चौकशी झाली तेव्हा मला बोलावलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन पोत्यांवरचं, डब्यांवरचं आणि वॉर्डात पेशंट टाकून जातात त्या मासिकांतलं. पण जे हाताशी येतं ते मी शेवटपर्यंत वाचते. औषधाच्या कॅनवरचा कागद मी आधीच वाचला होता, मामांना वाचूनही दाखवला होता. चौकशीत साहेबांनी विचारलं, "बाई, या औषधाबद्दल तुम्हाला काही माहीत आहे?" मी म्हणाले, "नाही साहेब."

यांना जाऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. माझी नोकरी हंगामी होती. मामा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाले, "बरं केलंस पोरी. तुझं अजून कच्चं आहे." एवढंच. दोन वर्षांत परत कधी विषय नाही, टोमणा नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

गेल्या वर्षी मी कायम झाले. म्हणजे आज बोलायला मला फार हिंमत लागलेली नाही, हेही ऐकून ठेवा. मामा काल म्हणाले, "उद्या गोड बोल हं, उगाच काही काढू नकोस." मामा, आजच्या दिवस नाही ऐकत.

तो कागद मी कॅनवरून सोडवून ठेवला होता. हा बघा. वाचते. 'फवारणीनंतर तीन महिने त्या जागी गवताचे बी पेरू नये. माती हलवू नये.' अक्षर बारीक आहे, पण इतकं बारीक नाही.

अध्यक्ष महोदय, मामा आज निवृत्त होतायत, सोमवारपासून येणार नाहीत. पण ती नोटीस फायलीत राहील. उद्या कोणी फाईल उघडली तर त्याला मातीत खुपसलेलं बोट दिसणार नाही, 'निष्काळजीपणा' दिसेल. ती नोटीस मागे घ्या. मानपत्र द्यायच्या आधी घ्या. माझी साक्ष खोटी होती, असं लिहून मी सही करून आणलंय. त्याचं जे व्हायचं ते होऊ दे.

मामी, तुम्ही डोळे पुसू नका, मग मला बोलता येत नाही.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, साहेबांनीही मध्ये थांबवलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार मानते. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते माझ्या नावावर लिहा. मामांच्या नको.