कंपनीतनं आली तशी

...आन् वरनं शर्यत बघाया आलेली माणसं मलाच विचारत्यात, "बैलं कुठंयत?" अवो, बैलं कशाला असतील? तुमाला सांगतो, आठवडाभर म्या बेंबळीपासनं जळकोटापर्यंत रिक्षाला भोंगा बांधून वरडतोय, मोटरसायकलची ड्रॅग रेस! सरळ रस्ता, वळण न्हाय, दोन गाड्या शेजारी-शेजारी, आधी पोचल त्यो जिंकला! आन् क्लास कुठला? स्टॉक! म्हंजे गाडी कशी? कंपनीतनं आली तशी! सायलेन्सर बदलला, बाद. काय जोडलं, बाद. निसती गाडी आन् माणूस!

आता घरातलं सांगतो. आमची मंडळी, दीपाली, तिनं ठणकावलं हुतं, "अवो, गेल्या साली रेसमदी तुमी एकटेच, बघायला एक कुत्रं. औंदा दुसरं कुणी पळवाया आलं न्हाय, तर ही गाडी विकायची आन् पिठाची गिरणी घ्यायची." माझी गाडी! लेकरागत पुसतो वो तिला! इकायची?

जागा दिली माणिकप्पा प्लॉटिंगवाल्यानं. डांबरी रस्ता हाय, खांब हायत, कमान हाय, घर एक न्हाय! त्यो म्हणला, "पब्लिक आलं की प्लॉट बी बघतंय."

आन् पब्लिक आलं की वो! लोहाऱ्याहून जीपा भरून! हलगी काय, गुलाल काय... रेस सुरू व्हायच्या आधीच गुलाल उधळला, कोण जिंकलं इचारा, कुणालाच ठाव न्हाय! छाती अशी फुगली माझी! आपल्या धाराशिवात, ड्रॅग रेसला, एवढी माणसं!

मग तपासणी. पयले खाजामियाँ, दुधवाले. गाडीला दोन्हीकडं कॅनचे हुक. म्हणलं, "चाचा, हुक काढा, गाडी पायजे कंपनीतनं आली तशी." तर म्हणत्यात, "अरे बाबा, हुक काढे तो गाडी सीधी चलतीच नै!" बाद. मग धनाजी. लिंबू-मिरची, लेगगार्ड, ट्रकचा हॉर्न, मागं वैरणीचा कॅरेज, सीटला मखमली कव्हर, त्याला गोंडं! म्हणलं, "धनाजी, ह्यातलं कंपनीतनं काय आलंय?" लई इच्यार केला त्यानं. म्हणला, "चाकं."

तुमाला सांगतो, झाडून सगळ्या गाड्या बाद! अख्ख्या मैदानात कंपनीतनं आली तशी गाडी एकच. माझी! पब्लिक खवळलं, दीपाली माझ्याकडं बघतीय, माझ्या डोळ्यासमोर गिरणीच फिराया लागली...

तर खाजामियाँ वरडले, "एकच गाडी है तो एकच पे सब बारी-बारी बैठो, मोबाइल पे टाइम लगाव!"

अवो काय डोकं! गाडी तीच, रस्ता त्योच, हेल्मेट बी तेच, ह्याच्यापेक्षा सच्चा स्टॉक क्लास कुठं असतोय? मग जी रांग लागली! धनाजी बसला, खाजामियाँ बसले, जीपवाले बसले, माणिकप्पा धोतर खोचून बसला! हरेक गियरला माझा जीव खालीवर, पर खरं सांगतो, डोळं भरून आलं. ज्यांनी बैलं इचारली ती माणसं आता "क्लच कवा सोडायचा?" म्हणून भांडत हुती!

आन् मग दीपालीनं पदर खोचला. माहेरी बापाची गाडी पळवायची म्हणं, मला कधी बोलली न्हाय! सुटली ती... हलगीवाला वाजवायचाच थांबला. पयला नंबर! आन् म्या, आयोजक, आठ वर्सं गाडी पळवणारा रेसर? खाजामियाँच्या मागं!

म्या मायकवरच तक्रार केली, "गाडी तीच, रस्ता त्योच, मग फरक कुठं पडला?" तर दीपालीनं मायक घेतला, माझ्या पोटावर टिचकी मारली, आन् भर पब्लिकमदी म्हणली, "गाडी हाय वो कंपनीतनं आली तशी. पर हे कवा जोडलं?"

आता गाडी इकायची न्हाय, दीपालीच चालवणार हाय. धनाजी हुरूपानं गोंडं काढाया लागलाय, खाजामियाँनी हुक सोडल्यात, समदा तालुका तयारीला लागलाय... आन् माझा रातचा भात बंद. पुढच्या रेसपर्यंत मलाबी व्हायचंय म्हणं, कंपनीतनं आलो तसं!